रंग बघून लावलेले बोल्ट

मी बंदुकांना कपडे शिवते असं कुणाला सांगितलं, की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करता?" तर तेच आधी सांगून टाकते.

बहरीनला येऊन मला तीस वर्षं होऊन गेली. शाळा सातवीपर्यंत, पुढचं जे काय आलं ते बघून बघून आणि चुकून चुकून. झिंजमधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझी दोन मशिनं आहेत. एक नेहमीचं, ब्लाउजचं आणि फॉल-पिकोचं. दुसरं जाड कामाचं, त्याच्यावर ताडपत्रीसुद्धा शिवून निघते. ह्या दुसऱ्या मशिनापायी सगळं घडलं. आमचे हे इथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आता रिटायर झालेत. तिथं रिफाचे एक बहरीनी हाजी बारीक बारीक स्क्रू करून घ्यायला यायचे. स्क्रू कशाचे, तर जुन्या लष्करी बंदुकांचे. एके दिवशी त्यांनी ह्यांना विचारलं, "उस्ताद, कोई मोटा कपड़ा सीनेवाला मिलेगा?" हे म्हणाले, "घर में ही है."

तेव्हापासून मी हाजींच्या बंदुकांच्या खोळी शिवते. बाहेरून कॅनव्हास, आतून मऊ फ्लॅनेल, खांद्याला पट्टा. बंदूक मात्र आमच्या घरी कधी आली नाही, येऊही शकत नाही. ती परवान्यावर असते, ज्याच्या त्याच्या कुलपात. मीच गळ्यात टेप घालून रिफाला जाते, माप घेते आणि घरी येऊन शिवते.

मापं घेता घेता मला बंदुका कळायला लागल्या, म्हणजे गिऱ्हाईक कळतं तशा. रशियन उंच आणि किडकिडीत, तिला कितीही कापड द्या, पुरत नाही. जर्मन घाटाची अंगानं नीटस, पण बोल्टची मूठ बाहेर काढून उभी, त्यामुळं खोळीला तिथं खिसा काढावा लागतो. आणि थ्री-नॉट-थ्री, जी आपल्याकडं पोलिसाच्या खांद्यावर लहानपणापासून बघितलेली, ती नकटी. नळी संपते तिथं नाक दाबून बसवल्यासारखं तोंड. मला तीच आवडते. लढाया संपल्या, सैन्यांनी ह्या बंदुका निकालात काढल्या आणि हौशी माणसांनी त्या विकत घेतल्या. कुणी नुसत्या कपाटात ठेवतात, कुणी मैदानावर जाऊन कागदावर नेम मारतात. हाजी दोन्ही करतात.

ह्या बंदुकीत एक गोळी उडवली की मूठ उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, तेव्हा दुसरी गोळी आत जाते. तो मागंपुढं सरकणारा लोखंडी दांडा म्हणजे बोल्ट. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ बोल्टचाच आहे. खरं तर माझा आहे.

हाजींचे एक जुने दोस्त, दातांचे डॉक्टर, तेही रिफालाच तीन गल्ल्या सोडून राहायचे. तरुणपणी पुण्याला शिकलेले, त्यामुळं बऱ्यापैकी मराठी यायचं आणि ते बोलायची भारी हौस. मी गेटातून आत शिरले की आतूनच ओरडायचे, "या ताई, मिसळ आणली का?" एकदा खरंच करून नेली. तर्री बघून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खाऊन आणखी आलं. दोघं दोस्त चाळीस वर्षं एकमेकांशी बंदुकांवरून भांडत आले होते. कुणाची नळी चांगली, कुणाचं लाकूड अस्सल, कोण कुठं फसला. ते भांडण म्हणजे त्यांचा सुट्टीचा शुक्रवार.

गेल्या थंडीत डॉक्टरांनी कायमचं लंडनला लेकीकडं जायचं ठरवलं. बाकीच्या बंदुकांची सोय लागली. तीन थ्री-नॉट-थ्री राहिल्या होत्या, त्या सगळ्यांत लाडक्या. हाजींच्या परवान्यात फक्त एकीची जागा उरलेली. वय झालेलं, पुन्हा कुठं नवीन परवाना घेणार! ते ह्यांना म्हणाले, "उस्ताद, डॉक्टर जाएगा, लेकिन उसकी एक बंदूक मेरे घर में रहनी चाहिए."  दहा दिवसांत विमान आणि कागदांना चार-पाच दिवस तरी लागणार. म्हणजे निवड करायची ती त्याच आठवड्यात.

निवडीच्या आधी डॉक्टरांनी तिन्ही बंदुका साफ करायला ह्यांना बोलावलं. मीही गेले, कारण बोल्ट वेगळे काढून दुसऱ्या कुलपात ठेवतात आणि त्यांचे बटवे माझ्याच हातचे, एकाची नाडी तुटली होती. ह्यांचं काम म्हणजे देवळातल्यासारखं. टेबलावर जुनी चादर, चादरीवर तीन बंदुका ओळीनं, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर तिचा तिचा बोल्ट. घासले, पुसले, तेलाचा हात दिला. मग डॉक्टर ह्यांना मागच्या अंगणात पंप दाखवायला घेऊन गेले.

मी एकटीच राहिले आणि टेबलाकडं बघत बसले. पहिली बंदूक काळपट, लाकडाला एका जागी चौकोनी ठिगळ लावलेलं, सुताराचं काम पण ठिगळच ते. तिच्या पुढ्यात बोल्ट चकचकीत, पांढरा. दुसरी तपकिरी, तिच्यापुढं काळा. तिसरी नवरीसारखी, जणू कालच पेटीतून काढली आहे, आणि तिच्यापुढं तपकिरी डागांचा बोल्ट. मला ते बघवेना. उभा जन्म गेला माझा साडीच्या काठाशी ब्लाउजपीस धरून रंग जुळवण्यात. जवळच्या सनाबिसमधल्या आपल्याकडच्या बाया मॉलमध्ये फिरून दमतात आणि शेवटी माझ्याकडं येतात, "काकू, ह्याला कुठला शोभेल?" म्हणून. मनात म्हटलं, पुरुषांची कामं! चार हात लागले तरी रंगाकडं कुणाचं लक्ष नाही. काळ्याला काळा, तपकिरीला तपकिरी, नवरीला चकचकीत, असे तिन्ही बोल्ट छान जुळवले, ज्या त्या बंदुकीच्या बटव्यांत भरले, नाड्या बांधल्या. ह्यांना सांगितलंसुद्धा नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दोन दिवसांनी हाजी बघायला आले. डॉक्टरांची बैठकीची खोली, खजूर, कहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे छोटे कप, डॉक्टरांशेजारी हे, आणि मी कोपऱ्यात टेप घेऊन, कारण जी ठरेल तिला नवी खोळ शिवायची होती. हाजींनी आधी नळ्यांतून उजेड बघितला. नळीच्या आत कोरलेले पिळे शाबूत आहेत का ते तसं कळतं. मान डोलली. मग नवरी उचलली, बोल्ट घातला आणि बंद करायला गेले तर तो अडला. जोर लावला तेव्हा बसला. दुसरीचं तेच. तिसरीचा बसला पण सैल. हाजींनी खिशातून भिंग काढलं. बंदुकीच्या अंगावर एक नंबर ठोकलेला असतो आणि बोल्टच्या मुठीच्या बुडाशीही तोच असावा लागतो. कारखान्यात ज्याचा त्याला बसवलेला असतो. दुसऱ्याचा घातला तर बंदूक किमतीत तर उतरतेच, पण उडवणाऱ्याच्या तोंडासमोर फुटायचीही भीती.

हाजींनी तिन्ही बघितल्या. भिंग खाली ठेवलं. "डॉक्टर, तीनों का नंबर अलग है."

"अशक्य!" डॉक्टर मराठीतच बोलले, मग हिंदीत आले. "वीस साल से मेरे पास हैं. तीनों पूरी हैं."

"तो यह क्या है? तुमने असली बोल्ट किसी को दे दिए?"

"मैं? मैं दोस्त को ऐसा माल दूँगा?"

मग दोघं ह्यांच्याकडं वळले. ह्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, केसाइतका फरक हातानं ओळखणारा. ते एवढंच म्हणाले, "मैंने लाइन से रखा था. जिसका उसके सामने. मेरे हाथ से नहीं हुआ." डॉक्टर अरबीत काहीतरी बोलले, हाजी त्याहून मोठ्यानं बोलले. त्यांचं नेहमीचं भांडण मला पाठ होतं, त्यात मधेमधे हसू असायचं. ह्यात नव्हतं. हाजी उठले. पुढ्यातला कहवा तसाच. इथं भरलेला कप ठेवून उठणं म्हणजे केवढा अपमान, ते मला एवढ्या वर्षांत चांगलं कळलेलं.

आणि मी?  मला सगळं कळलं होतं, नंबर म्हटल्याबरोबर. पण तीन मोठी माणसं उभी राहून भांडताहेत आणि त्यात मी काय म्हणू, रंग शोभत नव्हते म्हणून?

गाडीत बसलो. रिफाचा चौक आला. मग मी म्हटलं, "अहो."

"काय?"

"ते बोल्ट मी बदलले."

ह्यांनी गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावला, हँडब्रेक ओढला, सगळं नीट केलं आणि मग माझ्याकडं बघितलं. "काय केलंस?"

"काळ्या बंदुकीला पांढरा बोल्ट दिसत होता. वाईट दिसत होतं."

"वाईट दिसत होतं!" हे स्टेअरिंगला म्हणाले. "अगं बाई, मंडळाच्या जयंतीच्या जेवणानंतर हॉलवर ज्याची त्याला भांडी परत वाटतेस तेव्हा काय बघतेस? रंग का नाव?"

"नाव."

"मग लोखंडावर नंबर घातलेला दिसला नाही?"

"चष्मा पर्समध्ये होता."

 मग ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "मी रात्रभर विचार करून मेलो असतो, माझा हात कसा चुकला म्हणून. यल्ला, चल, आधी हाजींकडं."

हाजींच्या घरी दार त्यांच्या बायकोनं उघडलं. माझ्याच वयाची बाई, माझ्याकडून अबायाच्या बाह्या आखूड करून घेते. हातानंच खूण केली, आत जा पण सांभाळून. हाजी गादीवर बसून भिंतीकडं बघत होते. समोर जेवण झाकून ठेवलेलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर धीर गेला असता. "हाजी, डॉक्टर का कुछ नहीं. उस्ताद का भी नहीं. बोल्ट मैंने बदला."

"आपने? क्यों?"

"कलर देख के."

"कलर?"

"साड़ी-ब्लाउज का करते हैं ना, वैसा."

 हाजींनी मान वळवून बायकोला अरबीत सांगितलं, एक एक शब्द सावकाश. ती ऐकत होती, ऐकत होती, आणि एकदम तोंडावर ओढणी धरून अशी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिनं हाजींना काय उत्तर दिलं ते मी नंतर तिलाच विचारून घेतलं. ती म्हणाली होती, "बाईनं बरोबरच केलं, तुझ्या कपाटातली एकसुद्धा गोष्ट दुसरीला शोभत नाही." तेव्हा मात्र हाजी हसले. पाय ओढत उठले आणि चपला शोधायला लागले.

आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांच्या दारात. डॉक्टर स्वतः गेट उघडायला आले, चेहरा अजून फुगलेला. हाजी त्यांच्या बाजूनं सरळ आत गेले, आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, "मेरा कहवा कहाँ है?"

डॉक्टरांना मी मराठीत सांगितलं, म्हणजे जेवढं कळेल तेवढं कळू दे. त्यांना सगळंच कळलं. "ताई," ते म्हणाले, "पुण्यात मला एका बाईनं सांगितलं होतं, ह्या शर्टवर ही पँट घालू नका. तुम्ही तीच का?" मग टेबलावर चादर अंथरली गेली. ह्या वेळी मी चष्मा लावून नंबर वाचत होते आणि हे बोल्ट देत होते. चकचकीत बोल्ट ठिगळवालीत घातला आणि तो असा सरकला की आवाजसुद्धा एकच आला, मऊ. तपकिरी डागांचा नवरीत गेला. काळा तपकिरीत. हाजींनी तिन्ही पुन्हा उघडझाप करून बघितल्या, माप तपासायचं गेज लावून बघितलं आणि हात वर करून म्हणाले, "खलास. सब पूरी."

पण निवड अजून व्हायचीच होती. नेमकी कुठली घ्यायची त्यावर पुन्हा भांडण जुंपलं, ह्या वेळचं हसू असलेलं. हाजींचा जीव नवरीवर. डॉक्टरही म्हणत होते, तीच घे, डाग नाही, ठिगळ नाही, उद्या विकलीस तरी भाव येईल. शेवटी ठरलं की शनिवारी सकाळी मैदानावर तिन्ही उडवून बघायच्या.

मैदानावर आम्ही दोघंही गेलो. बंदुका डॉक्टरांच्या परवान्यावर आल्या, तिथल्या अधिकाऱ्यानं कागद तपासले, कानांना मोठे कप लावायला दिले. मला उडवायची परवानगी नव्हती, आणि खरं सांगू, हौसही नव्हती. पण मागं तिकाटण्यावर एक दुर्बीण उभी होती, तिच्यातून लांबचा कागद दिसतो. डॉक्टरांनी मला तिथं बसवलं. "ताई, गोळी कुठं लागली ते तुम्ही सांगायचं." थंडीची सकाळ, ऊन अंगाला बरं वाटत होतं, थर्मासमध्ये माझा आल्याचा चहा, आणि मी एक डोळा मिटून ओरडतेय, "वर! आणखी वर! उजवीकडं गेली! अरे देवा, कागदावर नाहीच!"

नवरी हाजींच्या हातात नीट बसेना. गोळ्या कागदभर सांडलेल्या, मुठीनं तांदूळ फेकावेत तशा. तपकिरीचं जरा बरं, पण तसंच. हाजी वैतागले, चष्मा पुसला, वाऱ्याला नावं ठेवली. मी दुर्बीण सोडून त्यांच्याकडं बघत होते. ते अंगानं लहान, हात आखूड. त्यांचा पायघोळ झगा, दिशदाशा, इथंच शिवलेला, पण बाह्या आखूड करायला माझ्याकडंच येतात. बंदूक खांद्याला लावली की चापापर्यंत पोचायला मान पुढं काढायची, कोपर ताणायचं. मोठ्या बहिणीचा ब्लाउज घातलेली मुलगी कशी सारखी खांदा ओढत असते, तसं.

मी उठले, गळ्यातला टेप काढला. "हाजी, ज़रा हाथ मोड़ो." कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं. मग तिन्ही बंदुकांच्या मागच्या लाकडी दस्त्यांची, बुडापासून चापापर्यंत. नवरीचा लांब. तपकिरीचा त्याहून थोडा कमी. आणि ठिगळवालीचा सगळ्यांत आखूड, बोटभर तरी फरक.

डॉक्टर वाकून बघायला लागले. मग कपाळावर हात मारला. "बरोबर! लष्करात दस्ते तीन-चार मापांचे यायचे. उंच शिपायाला लांब, बुटक्याला आखूड. हा छाप बघा, आखूडचा. मला माहीत होतं आणि मी विसरलो."

"मैं बुटका नहीं हूँ," हाजी म्हणाले.

"मराठी कधीपासून समजायला लागलं तुम्हाला?" मी म्हटलं.

ठिगळवाली त्यांच्या खांद्याला लागली आणि मान आपोआप सरळ झाली. पाच गोळ्या, सावकाश. मधे मूठ उचलायची, मागं, पुढं. मी दुर्बिणीला डोळा लावून होते आणि पहिल्या दोन गोळ्यांनंतर ओरडायचंच विसरले. पाचही गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्याच्या अंगाला अंग लावून, वाटीखाली झाकता येतील एवढ्या जागेत. कानांवरचे कप काढून हाजींनी विचारलं, "कहाँ गई?" मी म्हटलं, "कुठं जातायत, घरीच आहेत सगळ्या." डॉक्टर नाचायचेच बाकी राहिले होते. ह्यांनी हाजींची पाठ थोपटली, आणि दोन वेळा थोपटली.

तरी हाजी कुरकुरलेच. ठिगळ आहे, भाव येणार नाही, पाहुण्यांना काय दाखवू. डॉक्टर म्हणाले, "विकणार आहेस का तू?"

"तुम्हारी बंदूक मैं कैसे बेचूँगा?"

"मग भाव कशाला बघतोस?" हेही डॉक्टर मराठीतच म्हणाले आणि हाजींनी मान हलवली. त्याच दुपारी कागद भरून दिले. नवरी आणि तपकिरी एका तिसऱ्या हौशी माणसाकडं गेल्या, उंच आहे तो, त्याला बसतील. डॉक्टरांच्या विमानाच्या आदल्या दिवशी परवानगी हातात आली आणि बंदूक तीन गल्ल्या ओलांडून हाजींच्या कपाटात गेली. खोळ मी रात्रीच्या आत शिवून दिली, हिरव्या कॅनव्हासची. रंग हाजींना विचारून घेतला.

आता शनिवारी मैदानावरून आले की हाजी कागदाचा फोटो लंडनला पाठवतात. डॉक्टर तिकडून पेन्सिलीनं गोल काढून परत पाठवतात, ही इथं का गेली म्हणून. मग फोनवर तासभर दोघं भांडतात. एका शनिवारी पाचातल्या दोन गोळ्या पार कोपऱ्यात गेल्या होत्या. डॉक्टरांनी हाजींना काही लिहिलं नाही, मलाच फोनवर आवाजाचा मेसेज पाठवला: "ताई, जाऊन बघा जरा, त्यानं थंडीचा जाड कोट घातला असणार. आखूड बंदूकसुद्धा जाड कोटावर लांब होते, काढायला सांगा." मी हाजींना फोन लावला आणि कोटाचं विचारलं.  हाजी उलट मलाच म्हणाले, "उसको किसने बताया?"